सिंधूबाईंच्या पाच सविता

खुटबावात सविता नावाच्या पाच बाया. आशाताई म्हणून अठरा वर्षं दारोदार हिंडलेल्या सिंधूबाईंनी त्यांचा घोळ फोनापुरता मिटवला होता: सविता जुळीवाली, सविता दमा, सविता मळा, सविता शिवणवाली आणि सविता तांबी. दोन मुलींनंतर आणखी एक बाळंतपण अंगाला झेपणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, म्हणून या पाचवीनं मूल राहू नये यासाठी गुपचूप तांबी बसवून घेतली होती. सासू विठाबाईंना नातू हवा होता. कळलं असतं तर सविताची रवानगी थेट माहेरी झाली असती.

सिंधूबाईंच्या पोटातून गोष्ट काढणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. जेवताना पोपटराव बायकोला गावाच्या बातम्या खोदून खोदून विचारत, आणि त्यांच्या पदरात पडायची ती भाकरी.

मग एक दिवस सारिकाचा फोन वाजला. सारिका इनामगावची लेक, खुटबावची सून, नुकतीच आशा झालेली. दोघी उपकेंद्राच्या ओट्यावर लसीचे कागद लावत होत्या. नंबर सारिकानं साठवलेला नव्हता, तरी पडद्यावर नाव आलं: सविता तांबी खुटबाव. सविता लसीचा वार विचारत होती.

"मावशी, हे नाव तुम्ही लिवलेलं का?"

फोन कुणाचा ते आधीच कळावं म्हणून सिंधूबाईंनी दिवाळीत एक ॲप घेतलं होतं. त्यानं काहीबाही विचारलं, यांनी सगळ्याला हो म्हटलं. विचारणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

"तुमची समदी यादी उचलली त्यानं," सारिका म्हणाली. "आता माझ्यागत हे ॲप ज्याच्याकडं हाय, त्याला ही दिसणार."

अठरा वर्षं ज्या गोष्टी घरातही बोलल्या नव्हत्या, त्या आपल्याच फोनानं जगाला सांगितल्या होत्या. त्यात सविताच्या दीरानं, रोहिदासनं, कालच नवा फोन घेतला होता. जुने नंबर अजून उतरवायचे होते; त्यात हे ॲप असलं, तर वहिनीचा फोन येताच त्याच्या पडद्यावर हेच नाव उमटणार होतं.

"आपलं ॲप काढून भागतंय का?"

"न्हाई. तिच्या नंबरावर कोड येतो. तो दिला की नाव निघतंय."

सिंधूबाई उठल्या, मागून सारिका. शेतात सविता शेवंती तोडत होती, सासू दुसऱ्या टोकाला. सिंधूबाई तिच्या सरीत उतरल्या आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं, आपली चूक आहे हे आधी. सविताचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं फोन काढला आणि आलेला कोड सांगितला. बांधावर उभ्या सारिकानं टाकला. नाव गेलं. तोवर रोहिदासला तिचा फोन गेला नव्हता.

"आता कुठं लिवणार?" सवितानं विचारलं.

"कुठंच न्हाई."

पुढच्या दोन दिवसांत सिंधूबाई नावापुढं अशी खूण लावलेल्या प्रत्येकीच्या दारी कोडासाठी गेल्या. मग फोनातली सगळी नावं पुसली आणि एकशे सत्तर नंबर पाठ करायला बसल्या, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. भाकरी थापताना आकडे, धुणं आपटताना आकडे. पोपटरावांना वाटलं, बाईला लागिर झालं.

महिन्यानं उपकेंद्रात विठाबाई बीपी तपासायला आल्या होत्या. सिंधूबाईंच्या शेजारीच बसल्या. बाकावरचा सिंधूबाईंचा फोन वाजला. पडद्यावर नुसते दहा आकडे. शेवटचे चार सारिकानं ओळखले. सासू बाहेर गेलेली बघून सविता फोन करत होती.

"बोल," सिंधूबाई म्हणाल्या. थोडं ऐकून घेतलं. "तेवढं दुखतं, घाबरू नगं. बुधवारी ये, बाई बघतील."

विठाबाईंनी मान लांब करून पडद्याकडे पाहिलं. "कोण गं? नाव कसं न्हाई येत तुझ्या फोनात?"

"लागत न्हाई, मामी."

एकशे सत्तर घरं त्या डोक्यात होती, आणि बाई शांतपणे विठाबाईंच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होती.