होसान्ना कुणाला म्हणायचं

दानम्माचा आवाज एकदा कानावर पडला की माणूस जन्मात विसरत नाही. दुबलगुंडीच्या अलीकडं, ओढ्याकाठच्या ख्रिस्ती वस्तीत गाण्याची ओळ टाकायची ती दानम्मानं आणि उचलायची ती साऱ्या वस्तीनं. पेटीवाला चुकला तरी भागतं. दानम्मा थांबली की मात्र सगळं चर्च गप्प. दिवसभर लोकांच्या रानात खुरपं, सांजच्याला चर्चची झाडलोट, आणि जीभ अशी की पाळकसाहेबसुद्धा तिच्यासमोर उपदेश आवरता घेतात. बाई म्हणजे अस्सल मिरची आहे, सांगून ठेवतो.

तिच्या जिवाला घोर एकच, कबरस्तानाचा. वस्तीला आपलं माणूस पुरायला हक्काची जागा नाही. सासू गेली तेव्हा ओढ्याच्या काठाला पुरली, आणि पुढं एका पुरात ओढा तो काठच घेऊन गेला. म्हातारीची हाडं कुठं गेली देव जाणे. आता नवरा, नरसिंग, छातीच्या दुखण्यानं खंगलेला. वस्तीत पुढची पाळी कुणाची, हे कुणी बोलत नव्हतं, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

तर निवडणुकीचं वर्ष आलं आणि शिवशंकरप्पा नावाचे उमेदवार चर्चच्या अंगणात हजर झाले. आता चर्च आणि राजकारण यांचं हे लफडं काही आजचं नाही बरं का. दानम्माच्या आज्यानं गोऱ्या पाद्र्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला तेव्हा निजामाचं राज्य होतं. गावचा पाटील तेव्हाच म्हणाला होता, ही आता साहेबाची माणसं झाली. निजाम गेला, मतं आली, आणि नाताळाला केक घेऊन जीपगाड्या यायला लागल्या. मग दाखल्याची भानगड. कागदावर ख्रिस्ती लिहिलं की जातीची सवलत गेली, म्हणून पोरगं शाळेच्या दाखल्यावर हिंदू आणि चर्चमध्ये ख्रिस्ती. अलीकडं तर घरात चार माणसं प्रार्थनेला बसली तरी "कुणाला बाटवायलाव रे" म्हणत एका पक्षाची पोरं दारात, आणि त्यांना हुसकायला दुसऱ्या पक्षाची. दोघांनाही येशूचं काही पडलेलं नाही. मला विचाराल तर दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालायला पाहिजे, पण मला कोण विचारतो.

शिवशंकरप्पा गोड बोलले. "अक्का, ओढ्यावरचा गायरानाचा उंच तुकडा तुमच्या कबरस्तानाला लावून देतो. माझं मागणं एवढंच, झावळ्यांच्या रविवारी तुमच्या मिरवणुकीत पुढं मी असणार."

दानम्माला जागा तर पाहिजेच होती. पण पुढची जागा माणसाची नव्हती. त्या रविवारी वडाराचं गाढव धुऊन, पाठीवर स्वच्छ गोधडी घालून पुढं चालवायचं, आणि त्याच्यावर कुणीही बसायचं नाही, असा आज्याच्या काळापासूनचा रिवाज. येशू राजा गाढवावर बसून आला, लोकांनी झावळ्या हलवून "होसान्ना" असा त्याचा जयजयकार केला, म्हणून ती पाठ त्याची. नाही म्हणावं तर कबरस्तान जातं, हो म्हणावं तर रिवाज. म्हणून बाईनं शक्कल काढली.

"अण्णा, आमच्यात जो पुढं असतो त्यो गाढवावर असतो. बसताव का?"

बायका पदराआड खुदखुदल्या. आपल्याकडं गाढवावर कुणाला बसवतात? तोंडाला काळं फासून, गळ्यात खेटराची माळ घालून ज्याची धिंड काढायची त्याला. मतं मागणारा माणूस कशाला बसतोय. शिवशंकरप्पा नुसते हसले आणि गेले. दानम्मा घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "साप मेला आन् काठीबी मोडली न्हाई बघा."

रविवारी वस्तीला नुसतं उधाण आलं होतं. ज्याच्या त्याच्या हातात शिंदीच्या हिरव्यागार झावळ्या, हलगी तापवून तयार, लेकरं एका जागी ठरेनात. तेवढ्यात पांढरी गाडी आली, पांढऱ्या कपड्यांतले शिवशंकरप्पा उतरले, तडक गेले आणि गाढवावर बसले. पाय जमिनीला टेकायलेत, पण तोंड मोबाईलच्या कॅमेऱ्याकडं. "देवाच्या कामाला कसली लाज?" म्हणाले. आता बोला.

त्यांचा माणूस दानम्माजवळ येऊन म्हणाला, "अक्का, टाका ओळ."

हलगी कडाडलीच होती. सवयीनं दानम्माच्या तोंडून "होसान्ना" निघालं आणि वस्तीनं ते असं उचललं की ओढ्यापलीकडं ऐकू गेलं. गावातली माणसं घरांच्या माळवदांवर चढली. जी कधी वस्तीकडं फिरकली नव्हती तीही वाकून बघायला लागली. झावळ्या डोलायल्यात, हलगी अंगात शिरायलीय, म्हाताऱ्यासुद्धा ठेका धरायल्यात. दानम्माला वाटलं, असा रविवार वस्तीनं बघितलाच नव्हता. उंचावर कबरस्तान होईल, नरसिंग कोरड्या मातीत निजेल. तिनं आवाज आणखी चढवला.

आणि मग मागून उमेदवाराच्या पोरांनी जोड दिली, "होसान्ना, शिवशंकरअण्णा." आधी लेकरांनी उचललं. मग बायकांनी. शिवशंकरप्पा डावीउजवीकडं हात जोडत ते घेत चालले.

राजाची पाठ आपण थट्टेत देऊन बसलो, हे दानम्माला तिथं, भर रस्त्यात कळलं. ती गप्प झाली. ती गप्प तशी वस्ती गप्प, हलगी गप्प.

"काय झालं अक्का?" शिवशंकरप्पांनी विचारलं.

"खाली उतरा अण्णा. चूक माझी हाय, मी थट्टेनं बोलले. ती पाठ रिकामी ऱ्हाती. तुमी आमच्या संगं चाला, मान देतो. पर होसान्ना तुमाला न्हाई म्हणायचं."

"लोक म्हणायलेत की. तू कामून अडवायलीस?"

दानम्मा नुसती उभी राहिली. कुणी गाईना. आणि गाणं नसलं की गाढवावर बसलेला माणूस कसा दिसतो, ते आपल्या मुलखात सांगावं लागत नाही. एका माळवदावरून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसऱ्या. "कुणाची धिंड काढायलाव रे?" वरून एकानं विचारलं. कॅमेरा चालूच होता. शिवशंकरप्पा घाईघाईनं उतरले, धोतर सावरलं आणि गाडीत जाऊन बसले.

त्यांचा माणूस मागं राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कबरस्तान विसरा आता. पुरा आपली मढी पाण्यात."

वस्तीतलं एकही माणूस दानम्माकडं बघेना. सगळे मिरवणुकीच्या मागं रेंगाळलेल्या नरसिंगकडं बघत होते. दानम्मालाही नवऱ्याकडं बघायचा धीर होईना. घरचा मालक, त्याला विचारलं नाही, सवरलं नाही, आणि त्याच्या हक्काची माती एका झटक्यात घालवून बसली.

नरसिंग काठी टेकत पुढं आला. गाढवाच्या पाठीवरची चुरगळलेली गोधडी त्यानं नीट केली, दम खाल्ला.

"उभी कामून ऱ्हायलीस?" तो बायकोला म्हणाला. "ओळ टाक. मी काय आजच मरायलोय व्हय."