खिंडीतली जांभळ

मावशी माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी पाय. मी पहिल्यांदा तिच्या अंगणात टेकलो तेव्हा पाठीवर मिठाचं पोतं होतं आणि पायांत गुळगुळीत तळाच्या वहाणा. म्हणाली, "कुणाच्या लग्नाला चाललास रं?"

मी खानदेशचा. मराठी चौथीत शाळा सुटली नि लोणावळ्यात एका वाण्याकडे लागलो. डोंगरामागच्या वाड्यांवर मीठ, चहा, काड्यापेट्या पोचवायच्या. सपाट मुलखातला माणूस. चढाची सवयच नव्हती. मावशी नात्याची नव्हे, सगळेच तिला मावशी म्हणत; खिंडीच्या पलीकडच्या, वाड्यांकडच्या पायथ्याशी एकटीच राहायची. माझं ओझं सोडून ती पुन्हा बांधायची. "जड सामान पाठीला चिकटून. लोंबलं की तुला घिऊन जाईल." छत्री तर तिने काढूनच घेतली आणि पानांचं इरलं दिलं. "वाऱ्यात छत्री तुला वढंल, तू तिला न्हाई."

परत निघायचं की नाही, हे खिंडीतली जांभळ ठरवायची. अंगणातून झाड दिसलं तर नीघ. धुक्यात बुडालं तर बस.

एकदा वाडीवरच निरोप आला, आई अत्यवस्थ आहे, ये. संध्याकाळची गाडी गाठायची होती आणि जांभळ दिसत नव्हती. "मावशी, वाट मला पाठ आहे," म्हणत मी निघालोच. बराच चढून गेल्यावर मागून कुणी तरी इरलं गच्च धरलं. मावशीच होती, धापा टाकत.

"आरं, ही वाट गुरांची. गुरं गवताला जात्यात, लोणावळ्याला न्हाई."

धुकं जरासं फाटलं. चार पावलांवर गवत संपत होतं, पुढे नुसतं पांढरं. तिने मला हाताला धरून खाली आणलं.

गाडी चुकली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेलो. आई अजून होती, तिने मला ओळखलंही.

पुढे पुष्कळ वर्षं तीच खिंड, तेच ओझं. पाय थकत गेले, माझे आणि तिचेही. मावशीने अंथरूण धरलं तेव्हा भेटायला गेलो. डोळे गेले होते. हात लांबवून तिने माझ्या वहाणांचे तळ चाचपले. खरखरीत लागले तशी मान हलवली.

"जांभळ दिसतीया का?"

बाहेर लख्ख ऊन होतं. झाडाचं पान न् पान दिसत होतं, आणि दुकानात माझी वाट पाहत होते.

"न्हाई, मावशी."

"मग बस," ती म्हणाली.