कंपाउंडरच्या गोळ्या

बस डेपोत त्याला सगळे कंपाउंडर म्हणायचे. होता ड्रायव्हर, पण कुणी शिंकलं की याचा हात खिशात. मागच्या आजारात उरलेली अँटिबायोटिकची पट्टी तिथं कायमची मुक्कामाला. "दोन घे, उद्या टुणटुणीत!" सर्दी आपली आपण जायची आणि नाव गोळीचं व्हायचं. घरीही तोच खाक्या. त्याला आणि आईला, खोकला आला की गोळी.

त्या हिवाळ्यात फ्लूची साथ आली. आधी तो कण्हला, मग आई आडवी झाली.

"डॉक्टरांना दाखवू या रे," थोरली बहीण म्हणाली.

"कशाला, ताई? मी आहे ना."

दोघांचा ताप उतरला तशा दोघांच्या गोळ्याही थांबल्या. आई उशीला टेकून बसली, चहा मागितला, त्याच्या वाढलेल्या दाढीवरून त्याला फैलावर घेतलं. दोघं हसले. पण दोनच दिवसांत आईला हुडहुडी भरली. धाप लागली, बेडका गंजाच्या रंगाचा पडू लागला. तेव्हाही त्यानं आधी गोळ्याच देऊन पाहिल्या, मग इस्पितळ गाठलं.

इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला. "पहिला ताप विषाणूचा होता. त्यावर तुमच्या गोळ्या चालतच नाहीत. त्यानं छाती दुबळी केली, आणि आता तिथं जिवाणू शिरलेत. आता मात्र अँटिबायोटिक हवंच."

सलाईनमधून औषध सुरू झालं, पण उतार पडेना. बेडक्याच्या तपासणीतून कळलं, हे जिवाणू नेहमीच्या औषधांना जुमानत नव्हते. औषध बदललं. तोवर आईच्या अंगात काही उरलं नव्हतं. सकाळी त्याच्या हातातला तिचा हात सैल पडला.

त्यानं डॉक्टरबाईंना व्हरांड्यात गाठलं. "माझ्या गोळ्यांनी गेली का हो ती?"

त्या थांबल्या. "छातीठोकपणे नाही सांगता येणार. वय होतं, आजार मोठा होता. पण असं ऊठसूट, अर्धवट घेत राहिलं की गरजेच्या वेळी औषध लागू पडेनासं होतं. आणि आणायला उशीर झाला."

बहीण बाकावर बसली होती. "काय म्हणाल्या?"

'वय झालं होतं' एवढंच सांगून सुटता आलं असतं. ते ओठांवरही आलं होतं.

"मी आणायला उशीर केला, ताई. आणि माझ्या गोळ्यांनीही कदाचित..."

 ती त्याच्याकडे मान न वळवताच बाकावर जरा सरकली.

"बस," म्हणाली.