आर्लिसनं निवडलेलं कार्ड

आर्लिस ट्वाइट शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधायची आणि घरी आल्यावर नवऱ्याशी भांडायची. दोन्हीत तिचा हात धरणारं अख्ख्या मायनॉट गावात कुणी नव्हतं. त्या वसंतात भांडण पेटलं ते क्रेडिट कार्डावरून. टपालातून दोन कार्डांच्या जाहिराती आल्या होत्या आणि दोन्ही कॉफीच्या मगाखाली दबून पडल्या होत्या.

"शंभर डॉलर खर्चले की दोन डॉलर परत," तिचा नवरा ऑरिन म्हणाला. "बटाटे घे, टायर घे, काहीही घे. सरळ व्यवहार."

"मला विमान कंपनीचं हवंय, खर्चावर मैल देणारं; मैल साठले की तिकीट फुकट. सुरुवातीचा ठरलेला खर्च एकदा पुरा केला की एका तिकिटाचे मैल एकदम देतात."

"अगं, बँक तुझी मावशी लागते का? आवळा देऊन कोहळा काढणारे लोक ते! आज मैल देतील, उद्या म्हणतील आता दुप्पट लागतील. पैसा खिशात असला की आपला. मैल काय हॉटडिशमध्ये घालून भट्टीत भाजणारेस?"

"तुझे ते दोन-दोन डॉलर ट्रकच्या पोटात जातील, ऑरिन. मैल दुसऱ्या कशावर उडवता येत नाहीत, म्हणून मला ते हवेत."

"पण तुला जायचंय कुठे?"

"मला नाही," आर्लिस म्हणाली. ऑरिननं कॉफीचा मग उचलला आणि खालची विमानाच्या कार्डाची जाहिरात तिच्यापुढे सरकवली.

त्यांची एकुलती एक मुलगी सॉन्या लग्न करून दूर दक्षिणेतल्या टूसॉनला गेली होती. जावई ट्रेव्हर देखणा, गोडबोल्या, सासूला 'मॉम' म्हणणारा. चर्चमधल्या बायकांना आर्लिसचा हेवा वाटायचा. पण आर्लिसच्या मनात कधीपासून पाल चुकचुकत होती. सॉन्याचा फोन आता नेहमी स्पीकरवर असे. साधं "काय जेवलीस?" विचारलं तरी ती आधी थांबायची, कुणाकडे तरी बघितल्यासारखी, आणि मग उत्तर द्यायची. नोकरी तिनं सोडली होती, गाडी विकली होती. कारण विचारलं की ट्रेव्हरच सांगायचा, हसत हसत. ते हसणं आर्लिसला मुळीच आवडत नसे.

विमानाचं कार्ड आलं. मग आर्लिसनं किराणा, औषधं, ट्रकची ब्रेक-दुरुस्ती, चर्चच्या मेजवानीचं लोणीसुद्धा त्याच कार्डावर घेतलं, आणि बिल महिन्याच्या महिन्याला फेडलं. ऑरिन चिडवायचा, "आता मला पुरायचं झालं तरी कार्डावरच पुरशील." ती म्हणायची, "मैल मिळत असतील तर आजच." उन्हाळा सरेपर्यंत एका तिकिटाचे मैल जमले.

ऑक्टोबरात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. सॉन्या शेजारणीच्या घरातून बोलत होती, अगदी हळू.

"आई, माझं एकटीचं तिकीट काढशील? मंगळवारचं. तो दिवसभर कामावर असतो."

"मारतो का गं तुला?"

"आई, तू तिकीट काढ ना."

 तिनं तिथेच, शाळेच्या कोठारात बटाट्याच्या पोत्यावर बसून, फोनवर तिकीट काढलं. खिडकीची जागा निवडली. पुढे एक रकाना होता: प्रवाशाचा विमान कंपनीतला सदस्य क्रमांक, म्हणजे प्रवासाचे मैल त्याच्या खात्यात जमा होतात. मायनॉटमध्ये तो कुणी रिकामा सोडत नाही. मोबदला मिळो न मिळो, रकाना मोकळा दिसला की काहीतरी वाया चाललंय असंच वाटतं. मागच्या नाताळात पोरीचं तिकीट काढलं तेव्हाचा क्रमांक फोनमध्ये होताच. आर्लिसनं तो टाकला. तिकीट झालं. तिला इतका आनंद झाला की ती रडली.

संध्याकाळी ती बटाटे सोलत असताना ट्रेव्हरचा फोन आला.

"मॉम, खिडकीची जागा घेतलीत? छान केलंत."

आर्लिसनं सुरी खाली ठेवली.

"मला लगेच मेसेज आला. मधुचंद्राच्या वेळी सॉन्याचं विमान कंपनीतलं सदस्य खातं मीच उघडलं होतं ना, माझ्या ईमेलवर. पण मंगळवारी जमणार नाही तिला. तिकीट मी रद्द केलंय. तुमचे मैल परत येतील, काळजी करू नका."

"सॉन्याला फोन दे."

"ती झोपलीय," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

सहा वाजले होते. सॉन्याचा फोन बंद लागत होता. शेजारणीचा कुणी उचलत नव्हतं. आर्लिसनं ऑरिनला सगळं सांगितलं. त्यानं कोट चढवला, ट्रक सुरू केला आणि दार उघडून धरलं. टूसॉन म्हणजे न थांबता चालवलं तरी एक दिवस आणि एक रात्र.

गावाबाहेर पडता पडता आर्लिसनं टूसॉनच्या पोलिसांना फोन लावला. पत्ता सांगितला, मुलीचं नाव सांगितलं. पलीकडची बाई भली होती. तिनं शांतपणे विचारलं, "बाई, नेमकं काय झालंय तिथे?"

"जावयानं तिकीट रद्द केलंय," आर्लिस म्हणाली.

"विमानाचं तिकीट?"

"हो."

"आणखी काही?"

आर्लिसनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. "लवकर कुणाला तरी पाठवा हो," ती म्हणाली. "तिथं काय चाललंय ते मला माहीत नाही. पण माझ्यामुळे त्याला कळलंय."