छपराची की टपाची

चामराजपेटेतल्या त्या घरात माणसं अकरा होती आणि आतून कडी लागेल अशी दारं चार. एक आईच्या खोलीचं, एक धाकट्या वासुदेवच्या खोलीचं, एक माडीवर मुलं अभ्यासाला बसत तिथलं आणि चौथं न्हाणीघराचं. विश्वेश्वर घरात थोरला, पण त्याच्या वाट्याला हॉल आला होता.

हे कोणी ठरवून केलं नव्हतं. त्याचं लग्न झालं तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून मोठी खोली त्यांना. वडील गेले तोवर वासुदेवचं लग्न ठरलं, आणि नव्या जोडप्याला खोली नको का? पुढे वासुदेवला मुलं झाली. विश्वेश्वर आणि सोयराबाईंना मूल झालं नाही. "तुम्ही दोघंच, तुम्हाला खोली कशाला?" असं आई एकदा भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, आणि ते सहज म्हटलेलं कायमचं टिकलं. टीव्ही बंद झाला की गाद्या घालायच्या, दूधवाला यायच्या आत गुंडाळायच्या. न्हाणीघराकडे जाणारा प्रत्येक जण त्यांच्या पायथ्यावरून जायचा, आणि तेही बिचारे "सॉरी अण्णा" म्हणून जायचे.

विश्वेश्वर बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात टर्नर होता. लोखंड त्याच्या हाताशी बोलायचं. त्यामुळे घरातच नव्हे, गल्लीतही "अण्णा, स्वल्प नळ बघतोस?", "अण्णा, मिक्सर फिरत नाही" असं सुरूच असायचं. तो "सरी" म्हणायचा. कानडीतलं हे "बरं" त्याच्या तोंडी इतकं बसलं होतं की माणसाचं बोलणं संपायच्या आत ते बाहेर पडायचं.

रविवारी मात्र तो बसवनगुडीला हयवदन रावांकडे जायचा. राव निवृत्त इंजिनियर, एकटेच राहणारे. त्यांच्या शेडमध्ये दोन विलायती स्पोर्ट्स गाड्या होत्या, एकाच कंपनीच्या, दोन दारांच्या, इतक्या बुटक्या की शेजारी उभं राहिलं तर छत कमरेच्या थोडं वर लागावं. चिकमंगळूरचा एक इंग्रज मळेवाला देश सोडून निघाला तेव्हा रावांच्या वडिलांनी त्या घेतल्या होत्या. एक छपराची, कुपे. दुसरी कन्व्हर्टिबल, कापडी टपाची. टप मागे दुमडला की उघडी. सुटे भाग मिळत नसत. लागेल तो बुश, लागेल ती पिन विश्वेश्वर लेथवर करून आणायचा. सहा वर्षांत दोन्ही गाड्या चालत्या झाल्या होत्या.

शहाण्णव सालच्या जानेवारीत राव म्हणाले, "घर पाडून अपार्टमेंट बांधायचं ठरलंय. मी मुलीकडे म्हैसूरला चाललो. दोन्ही गाड्यांना गिऱ्हाईक आहे, पण पहिली निवड तुझी. जी म्हणशील ती तुला अगदी नावापुरत्या किमतीत. फक्त पुढच्या रविवारपर्यंत सांग."

विश्वेश्वरला विचार करावा लागलाच नाही. काम संपलं की तो कुपेत बसायचा, दोन्ही दारं ओढून घ्यायचा, काचा वर करायचा. बाहेरचा कोकिळ, भाजीवाला, रावांचा रेडिओ, सगळं एकदम लांब जायचं. पाच मिनिटं बसायचा. त्या पाच मिनिटांत त्याला कोणी अण्णा म्हणायचं नाही. गाडी आपली झाली तर रोज अशी पाच मिनिटं मिळतील, एवढाच त्याचा हिशेब होता. लांब कुठे जायचं त्याच्या मनात नव्हतं. दार लावायचं होतं.

चूक त्यानं पुढे केली. त्या घरात नवी छत्री घेतली तरी आधी जेवताना सांगायची, मग देवापुढे ठेवायची पद्धत होती. न सांगता घेणं त्याला सुचलंच नाही.

"कुठली घेणार?" आईनं, इंदिराबाईंनी विचारलं.

"छपराची. दोघांपुरती आहे."

"दोघांपुरती?" वासुदेवचा घास हातातच राहिला. "आणि दुसरी?"

"तिला टप आहे. मागे दुमडता येतो. मागे छोटी सीटपण आहे, पण..."

"म्हणजे उघडी!" वासुदेवची मुलगी शिल्पाश्री पानावरून उठलीच. थोरल्या काकाला ती कानडीत दोड्डप्पा म्हणायची. "दोड्डप्पा, उघडी! माझ्या वरातीला!"

तिचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं. त्यांच्या समाजात विठ्ठलाच्या देवळापासून कार्यालयापर्यंत वरात निघते, आणि नवरानवरी रस्त्याला दिसली पाहिजेत म्हणून गाडी उघडी लागते. गेली कित्येक वर्षं सगळ्यांच्या वराती एकाच भाड्याच्या जीपमधून निघत होत्या. तिच्या मागच्या भागाला रॉकेलचा वास यायचा, शालूलाही यायचा.

"बघा, देवानंच पाठवली," आई म्हणाली.

"नुसती शिल्पाची वरात कशाला," वासुदेवची गाडी सुटली, "रामनवमी आहे, गणपती आहे. समाजाला वर्षाला पंधरा वेळा लागेल. अण्णा चालवेल. त्याच्या हाताशिवाय ती कुणाला दाद देणारही नाही. पांढरा शर्ट शिवून देतो तुला, अण्णा. कॉलरला पायपिंग लावून!"

सगळे हसले. विश्वेश्वरच्या डोळ्यांपुढे सगळं एकदम उभं राहिलं: आपण पांढऱ्या शर्टात, पहिल्या गियरमध्ये, पुढे बँड, मागे फुलं, दोन्ही बाजूंनी हात टेकवून चालणारी पोरं, आणि प्रत्येक चौकात कोणीतरी आत डोकावून "अण्णा, स्वल्प थांब." घरातला हॉल निदान घरात होता. हा हॉल चाकांवर चढून सगळ्या चामराजपेटेतून फिरणार होता.

आणि मग तो खोटं बोलला.

"त्या उघडीचा तळ गेलाय. छप्पर असतं तेव्हा गाडी खोक्यासारखी घट्ट राहते. बुटाच्या खोक्याचं झाकण काढून बघा, हातात पिळतं की नाही? तसंच ते. सगळा भार तळावर येतो आणि तळ गंजलाय. चार माणसं बसली तर मध्येच वाकेल."

झाकणाचं खरं होतं. तळाचंही दोन वर्षांपूर्वी खरं होतं. पण तेव्हा त्यानंच दोन रविवार पाठीवर पडून तळाला दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या होत्या. आधी दाराची फट वर तीन मिलिमीटर आणि खाली नऊ असायची. नंतर वरखाली चार. आपल्या हातानं त्यानं ती गाडी निर्दोष करून ठेवली होती.

वासुदेवला हे पटलं नाही. त्याचा शाळेच्या गणवेशांचा धंदा. मापाशिवाय त्याचा कशावर विश्वास नसे. शुक्रवारी तो खिशात टेप घालून स्कूटरवरून बसवनगुडीला गेला आणि संध्याकाळी जेवायच्या वेळी परत आला.

"मागे टपाच्या घडीवर बसवलं तर नवरानवरीला बेचाळीस इंच रुंदी मिळते," त्यानं हात धुता धुता जाहीर केलं. "करवली पुढे. फेट्यासकट नवरा बसतो. सगळं मापात."

"आणि तळ?" आईनं विचारलं.

वासुदेव पाटावर बसला. "तळाचं राव हसायलाच लागले. म्हणाले, तुझ्या भावानं स्वतः पट्ट्या मारल्यात, आता वर हत्ती उभा केला तरी चालेल." मग विश्वेश्वरकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, नको होती तर नको म्हणायचं. पोरीच्या लग्नात खोटं कशाला बोललास?"

शिल्पाश्री मान खाली घालून भात कालवत होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं तरी त्याला काही सांगता आलं असतं. पण काय सांगणार? मला तुमच्यापासून दार लावायचंय, असं? अकरा माणसांच्या पंगतीत ते वाक्य उच्चारायला जागा नव्हती. तळाची पट्टी स्वतःच ठोकलेली. तिच्यातून निसटायला फट कुठून असणार?

"सरी," तो म्हणाला. "उघडी घेऊ."

सोयराबाई वाढत होत्या. त्यांनी त्याच्या पानात कोशिंबीर वाढली आणि पुढे गेल्या.

रविवारी सकाळी नवराबायको रिक्षानं निघाले. सोयराबाईंच्या पिशवीत हळदकुंकू, नारळ आणि चाकांखाली ठेवायला चार लिंबं. घरी आई आरतीचं ताट तयार ठेवून बसणार होती. वाटेत दोघं बोलले नाहीत. रिक्षात बोलायची त्यांना सवय नव्हती. तशी कुठेच फारशी नव्हती.

राव आणि तो कागदांवर सह्या करायला आत गेले. सोयराबाई "मी लिंबं ठेवते" म्हणून शेडकडे वळल्या. पंधरा मिनिटांनी तो बाहेर आला तर लिंबं पिशवीतच, पिशवी फरशीवर, आणि सोयराबाई कुपेत बसलेल्या. दार लावलेलं. काचा वर. पाठ सीटला टेकलेली आणि डोळे मिटलेले.

त्याला वाटलं, बिचारीला कुठली ते कळलं नाही. त्यानं काचेवर बोट वाजवलं. "ही नाही. शेजारची."

त्यांनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. त्यानं दाराची मूठ ओढली. दार आतून बंद होतं.

तो तसाच उभा राहिला. बावीस वर्षांत आपल्या बायकोला डोळे मिटून, कोणाची वाट न बघता बसलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. झोपेतसुद्धा तिचा एक कान न्हाणीघराच्या कडीकडे असायचा. काचेपलीकडे तिचा श्वास संथ चालला होता.

राव मागे येऊन उभे राहिले. त्यांनी एकदा गाडीत पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "विश्वेश्वर," ते कानडीत म्हणाले, "फॉर्मवर गाडीचा नंबर मी अजून घातलेला नाही."

विश्वेश्वरनं फॉर्म घेतला, कुपेच्या बॉनेटवर ठेवला आणि तिचाच नंबर घातला. आकडे आणि अक्षरं मिळून आठ. पण पेन दोनदा थांबलं.

घरी जे व्हायचं ते झालं. आईनं आरती ओवाळली, पण गाडीकडे न बघता. शिल्पाश्रीची वरात रॉकेलच्या जीपमधूनच निघाली. वासुदेव चार महिने त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलला, आणि काम तर नेहमीच असायचं. गल्लीत गाडीला "अण्णाचा डबा" नाव पडलं. विश्वेश्वरनं सगळं ऐकून घेतलं. त्या रविवारी बायको काचेआड बसली ती माझ्यासाठीच, माझ्या मनातलं तिनं ओळखलं, याचा त्याला आत कुठेतरी अभिमानही वाटत होता.

रविवारी दोघं लालबागेच्या भिंतीलगत गाडी उभी करून बसू लागले. काचा वर, म्हणून उकडायचं. पहिल्या रविवारी दोघांनी भाजीच्या भावावर बोलून घेतलं. दुसऱ्या रविवारी त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली: दोघं कुजबुजत होती. चारी बाजूंनी बंद गाडी, जवळपास चिटपाखरू नाही, तरी आवाज चढत नव्हता. हॉलमध्ये कोणाची झोप मोडू नये म्हणून बावीस वर्षं ज्या आवाजात बोलले, तेवढाच त्यांच्याकडे उरला होता.

"मोठ्यानं बोल की," तो कुजबुजला.

सोयराबाईंना हसू आलं. मग त्या गंभीर झाल्या. समोर बघत, त्यानं कधी न ऐकलेल्या भरल्या, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? मी त्या दिवशी हिच्यात बसले नसते, आणि तुम्ही तरीही हीच घेतली असती, तर मला आणलं असतं का इथं?"

त्यानं समोरचा आरसा उगाच सरळ केला.

"नाही, मी तुमच्यासाठी बसले असं तुम्हाला वाटतंय, ते दिसतं मला. मी माझ्यासाठी बसले होते. मला ठाऊकच नव्हतं तुम्हालाही असंच हवंय. तुम्ही कधी सांगितलंत? दोघांपुरती म्हणालात जेवताना. त्यातली दुसरी मी होते का?"

बाहेर एक फुगेवाला काचेशी वाकून बघून गेला. विश्वेश्वरचा हात आपोआप दाराच्या मुठीवर गेला. पाच मिनिटं एकटं बसायला म्हणून घेतलेली गाडी, आणि तिच्यात आता जायला कुठे जागा नव्हती. न्हाणीघराला कोणी निघालं नव्हतं, कोणाचा नळ गळत नव्हता, कोणी अण्णा म्हणून हाक मारत नव्हतं.

"सरी" हा शब्द ओठांवर आला. तो इथे चालणार नव्हता.

त्यानं मुठीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"नव्हतीस," तो म्हणाला. आवाज त्यालाच मोठा वाटला.

सोयराबाईंनी मान हलवली. त्यांनी काच खाली केली नाही, दारही उघडलं नाही. घामानं दोघांचे कपडे सीटला चिकटले होते.

"आता पुढचं सांगा," त्या म्हणाल्या.