एकवीस आकड्यांची संख्या
यादी नोटीस बोर्डावर लागली, आन्सर की ग्रुपवर पडली आणि थोड्या वेळात वाटूरहून अश्विनीचा फोन आला. आठवीतली मुलगी. निवासी गणित शिबिरातली तिची जागा एका मार्काने हुकली होती.

"सर, शेवटच्या प्रश्नाला मी सहा लिव्हलं होतं. माझं कुठं चुकलं, तेवढंच सांगा."

मी जालन्यात एका कॉलेजात गणित शिकवतो. निवड परीक्षेचे पेपर मी तपासले होते. प्रश्न आणि आन्सर की संयोजक देशमुख सरांची. प्रश्न असा: १२३४५६७८९०७०९८७६५४३२१ ला ११ ने भागल्यास बाकी किती? कीमध्ये उत्तर होतं शून्य.

डावीकडून वाचा की उजवीकडून, संख्या तीच. तिला पॅलिन्ड्रोम म्हणतात. अकराची कसोटी सोपी आहे. एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा करायच्या आणि एकीतून दुसरी वजा करायची. पॅलिन्ड्रोममधले आकडे मोजणीत सम असतील तर प्रत्येक आकड्याचा जोडीदार दुसऱ्या बेरजेत जातो. वजाबाकी शून्य. म्हणून बाकी शून्य.

सम असतील तर.

मी बोट ठेवून आकडे मोजले. एकवीस. पुन्हा मोजले. बेरजा केल्या, सत्तावन्न आणि चाळीस. फरक सतरा. त्यातून अकरा गेले, उरले सहा.

देशमुख सरांना गाठलं. त्यांनी मूळ कागद काढला. मधोमध दोन सात होते. टायपिंगमध्ये एक गळला. प्रूफ वाचणाऱ्यानं दोन्हीकडून वाचून बघितलं, जुळलं. एक सात गेला तरी संख्या पॅलिन्ड्रोमच राहिली होती.

सर खुर्चीत बसले. "आता यादी लागली. पोरं बॅगा भरून राह्यलेत. प्रश्नच रद्द करू."

"प्रश्न बराबर आहे सर. की चुकली."

"मंग शून्यवाल्यांचा मार्क कापायचा? यादीत शेवटचा बदनापूरचा रोहन आहे, तो जातो. जागा वाढवता येत न्हाई."

मी अश्विनीचा पेपर त्यांच्यापुढं ठेवला.

"करा दुरुस्त. रोहनच्या घरी फोन तुम्हीच करा," सर म्हणाले.

रिंग वाजत होती तेव्हा वाटत होतं, उचलू नये कुणी. वडिलांनी उचलला. मी सगळं सांगितलं.

"त्यानं तर नियम लावला म्हणतो, सर."

"आकडे मोजणीत सम असले तरच तो नियम लागतो."

"मंग हे तुम्हीच सांगा त्याला."

रोहन फोनवर आला. पेपर समोर घे आणि आकडे मोज, एवढंच मी म्हणालो. तो पुटपुटत मोजत होता, मला ऐकू येत होतं.

"एकवीस," तो म्हणाला. मग फोन बंद झाला.

अश्विनी शिबिराला गेली. रोहनला नंतर मी दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. आता वर्गात कुठलाही नियम शिकवताना तो कुठं लागत नाही, हे मी आधी फळ्यावर लिहितो.