पितृपक्षातली डाळ मिल

आमच्या मारेगावच्या घरात तीन पिढ्या नोकरी. धंद्याचं नाव काढलं की बाबांचा चेहरा पडायचा. त्यामुळे सरकारी योजनेतून तुरीची लहान डाळ मिल टाकते, असं मी म्हटलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी माझा अर्ज मागून घेतला. हयातभर कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढलेला माणूस. माझ्या अर्जात एकही राहू दिली नाही. प्रशिक्षण झालं, बँकेने कर्ज दिलं, अनुदान मंजूर झालं. मात्र पाहणीला येणाऱ्या साहेबांना मिल चालू दिसली तरच ते मिळणार होतं. नाही तर सगळं कर्ज माझ्या एकटीच्या डोक्यावर.

आणि मशीन आलं नेमकं पितृपक्षात. शेजारच्या टिनाच्या शेडमध्ये ते बसवलं, पण आईने बटणाला हात लावू दिला नाही. वरून जुनी चादर टाकली. "घट बसले का मंग चालू कर," म्हणाली. मीही मुकाट्याने ऐकलं. फॉर्मात सगळ्याला रकाना होता, पितृपक्षाला नव्हता.

साहेब न कळवता आले, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सकाळी. चादर पाहून म्हणाले, "मॅडम, युनिट बंद दिसलं तर रिपोर्टही तसाच जाईल."

मी आईकडे पाहिलं, आईने भिंतीकडे. बाबा उगाच फाईल चाळत बसले. मला आईचा भयंकर राग आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

तेवढ्यात शेजारच्या काकू टोपलं घेऊन आल्या. त्यांची घरची शेती. टोपल्यात तेलपाणी लावून वाळवलेली तूर होती. उद्या सासऱ्यांच्या नावाने पान वाढायचं होतं, आणि जातं ओढायला कंबर साथ देत नव्हती.

"पितर हायेत घरी. मिल नाही लागत सध्या," आई म्हणाली.

"मंग पितरायले बिनवरणाचं जेवू घालू काय?"

आईने टोपल्यात हात घालून तूर चोळून पाहिली. खडखडीत वाळली होती. मग तिने चादर ओढून बाजूला टाकली. बटण बाबांनीच दाबलं. शेडभर भुसा उडाला, आमचे सगळ्यांचे चेहरे पिवळट झाले. साहेबांनी फोटो काढला, रिपोर्टवर 'चालू' लिहिलं, अर्धा कप चहा घेतला आणि गेले.

काकूंची डाळ पडली. मी बटणाकडे हात नेला.

"काहून बंद करून राह्यली वं?" घरातून आईचा आवाज आला. ती आमच्याच तुरीचं टोपलं घेऊन येत होती. "तुह्या आजोबालेबी वरण लागते."